स्टुडिओ अल्बम वेगळा, मूळ अल्बम वेगळा

सगळ्यात जास्त मूळ अल्बम, म्हणजे आधी न काढलेल्या सामग्रीचे अल्बम, कुठल्या रॉक कलाकाराचे, हा प्रश्न सोलापुरातल्या कॉलेजांच्या क्विझमध्ये अधूनमधून निघतो आणि उत्तरं ठरल्यासारखी चुकतात. एक जण मोबाईलवर फ्रँक झप्पा या अमेरिकन रॉक संगीतकाराच्या डिस्कोग्राफीचा, म्हणजे अल्बमांच्या यादीचा, एकूण आकडा बघतो आणि ओरडतो, "झप्पाचे शंभराच्या वर हायत की बे!" दुसरा जरा शहाणा असतो. तो फक्त 'स्टुडिओ अल्बम' या मथळ्याखालचे मोजतो आणि आपण मूळ अल्बम मोजले अशा थाटात बसतो. पहिल्याचा घोळ मिनिटात सुटतो. दुसऱ्याचा सुटता सुटत नाही, आणि मला वैताग त्याचाच येतो.

पहिल्याचं आधी उरकू. 'ग्रेटेस्ट हिट्स', 'बेस्ट ऑफ', वर्धापनदिनाच्या फुगवलेल्या आवृत्त्या, बॉक्स सेट, यांतलं काहीही मूळ नाही. आपल्याकडं हा गोंधळ होणं साहजिक होतं म्हणा. कॅसेटच्या जमान्यात नवी पेठेतल्या दुकानात इंग्रजी म्हणून जे मिळायचं ते बहुतेक संकलनच असायचं, आणि खरा अल्बम हवा असेल तर मुंबईहून येणाऱ्या कुणाच्या तरी हातापाया पडावं लागायचं. पण आता सगळं फोनमध्ये असताना ही सबब चालणार नाही. ब्रिटन आणि अमेरिकेत वेगवेगळ्या रूपांत निघालेल्या अल्बमांचंही तसंच. रोलिंग स्टोन्स या ब्रिटिश बँडचा २०२३ चा अल्बम ब्रिटिश मोजणीत चोविसावा, अमेरिकन मोजणीत सव्विसावा. मायदेशाची यादी धरावी आणि पुढं जावं.

आता मुख्य मुद्दा. 'स्टुडिओ' या शिक्क्यावरून ध्वनिमुद्रण कुठं झालं एवढंच समजतं. आत काय आहे, ते आधी कधी बाहेर आलं होतं का, याचा त्यात पत्ता नसतो. या दोन गोष्टी बहुतेक वेळा हातात हात घालून जातात, म्हणूनच त्या एकच आहेत असं वाटत राहतं.

नाटकवेड्या सोलापूरकराला हे समजायला अवघड जाऊ नये. हुतात्मा स्मृती मंदिरात एखाद्या नाटकाचा पाचशेवा प्रयोग झाला म्हणून त्या नाटककाराच्या नावावर पाचशे नाटकं लागत नाहीत. लाइव्ह अल्बम हा असा प्रयोग. ग्रेटफुल डेड या अमेरिकन बँडचे स्टुडिओ अल्बम १३, पण त्यांच्या मैफलींच्या 'डिक्स पिक्स' या एकाच मालिकेचे ३६ खंड निघाले. पर्ल जॅम या बँडनं २००० सालच्या एका दौऱ्यातल्या ७२ मैफली अधिकृतपणे विकायला काढल्या. हे आकडे मूळ अल्बममध्ये धरायचे नाहीत, इथवर सगळ्यांचं एकमत असतं.

पण शुभारंभाचा प्रयोगही प्रयोगच असतो ना? तो मंचावरच होतो, समोर प्रेक्षक असतात, आणि तरी नाटक नवं कोरं असतं. 'लाइव्ह' दिसलं की खोडून टाकणारे नेमके इथं फसतात.

नील यंग या रॉक गायकाचं १९७९ साल घ्या. त्या वर्षी त्याचे दोन अल्बम आले, दोन्ही मुख्यतः १९७८ च्या दौऱ्यातल्या ध्वनिमुद्रणांवर उभे. 'रस्ट नेव्हर स्लीप्स'मध्ये नवी गाणी होती. त्यातली बरीचशी मंचावर मुद्रित केलेली, पण प्रेक्षकांचा आवाज शक्य तेवढा काढून टाकलेला आणि वरून स्टुडिओत भर घातलेली. 'लाइव्ह रस्ट'मध्ये मुख्यतः जुनी गाजलेली गाणी. दौरा तोच, साथीदार तेच, पण पहिला मूळ अल्बम आहे आणि दुसरा नाही. पहिल्याला बहुतेक याद्या स्टुडिओच्या रकान्यात घालतात, म्हणजे उत्तर बरोबर येतं आणि कारण चुकतं. ते कारण किती चुकीचं हे त्याच यंगच्या १९७३ च्या 'टाइम फेड्स अवे'वरून दिसतं. तो उघडउघड लाइव्ह, प्रेक्षकांसकट, आणि त्यातलं एकही गाणं आधी प्रसिद्ध झालेलं नव्हतं. याद्या मात्र त्याला लाइव्हच्या रकान्यात टाकतात, आणि आमचा शहाणा मित्र तो मोजत नाही.

गिटारवादक जिमी हेंड्रिक्सचं तर याहून वाईट. तो हयात असताना त्याचे स्टुडिओ अल्बम तीनच निघाले. पण १ जानेवारी १९७० ला न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्टमध्ये मुद्रित केलेला 'बँड ऑफ जिप्सीज' पूर्ण नव्या सामग्रीचा होता. तो लाइव्ह म्हणून गाळायचा आणि मृत्यूनंतर इतरांनी उरल्यासुरल्या फितींतून जुळवलेले अल्बम 'स्टुडिओ' म्हणून धरायचे, हा कुठला न्याय? गायक जॅक्सन ब्राउनच्या १९७७ च्या 'रनिंग ऑन एम्प्टी'त तर काही गाणी हॉटेलच्या खोलीत आणि धावत्या बसमध्ये मुद्रित झालेली आहेत. सगळी त्याच्यासाठी नवी. बसला काय म्हणणार, स्टुडिओ?

उलट बाजूही बघा. बॉब डिलनचा २०२३ चा 'शॅडो किंगडम' त्याचा चाळिसावा स्टुडिओ अल्बम म्हणून मोजतात. त्यात आहे काय, तर एक नवी वाद्यरचना सोडली तर त्याचीच जुनी गाणी पुन्हा गायलेली. गायली झकास आहेत, पण हा प्रयोगच. १९७३ चा 'डिलन' हाही त्या चाळिसांत आहे. डिलन कोलंबिया ही रेकॉर्ड कंपनी सोडून गेल्यावर तिनं बाजूला टाकलेली मुद्रणं त्याला न विचारता बाहेर काढली, तो हा अल्बम. माझ्या वहीत डिलन ३८.

इथं कुणीतरी हटकून विचारतो, मग दुसऱ्यांची गाणी गायलेले अल्बमही वगळा की. नाही वगळत. तो नियम लावला तर एल्विस प्रेस्लीच्या नावावर एकही मूळ अल्बम उरणार नाही, कारण त्याची गाणी दुसऱ्यांनीच लिहिलेली. स्टोन्सचा २०१६ चा 'ब्लू अँड लोन्सम' सगळा जुन्या ब्लूज गाण्यांचा आहे, पण ती त्यांनी आपल्या अल्बमसाठी नव्यानं गायली, म्हणून तो धरायचा. कलाकारानं आधी न काढलेली सामग्री, त्याच्या मर्जीनं, अल्बम म्हणून बाहेर आली पाहिजे. बस्स. गाणं कुणाचं आणि खोली कुठली, हे विचारायचं नाही.

हा नियम लावून झप्पाकडं वळलं की गंमत येते. १९९३ साली वारला तोवर त्याचे ६२ अल्बम निघाले होते. शंभराच्या वरचा आकडा होतो तो त्यानंतर त्याच्या संग्रहातून निघालेल्या अल्बमांमुळं. ते माझ्या हिशेबात नाहीत. पण ६२ लाही हात लावावा लागतो, कारण 'यू कान्ट डू दॅट ऑन स्टेज एनीमोर' या मैफलींच्या मालिकेचे सहा खंड त्यातच आहेत. मात्र 'शेख यरबूटी' मंचावर मुद्रित झाला म्हणून कापायचा नाही. त्याचा पाया बराचसा मैफलीत घातलेला, वरचं बांधकाम स्टुडिओतलं, गाणी नवी. 'जोज गराज'मध्ये तर मैफलीत एका गाण्यावर वाजवलेला गिटार सोलो उचलून स्टुडिओतल्या भलत्याच गाण्यावर त्यानं बसवला. या प्रकाराला तो झेनोक्रोनी म्हणायचा. हा स्टुडिओ अल्बम की लाइव्ह, हा वाद घालणाऱ्यांना मी चहा पाजत नाही.

तरीही पहिला नंबर झप्पाचा नाही. तो बकेटहेडचा. चेहऱ्यावर पांढरा मुखवटा, डोक्यावर बादली, २००० ते २००४ गन्स एन रोझेस या बँडमध्ये गिटार वाजवलेला हा माणूस २०११ पासून 'पाइक' नावाची छोट्या अल्बमांची मालिका काढतोय. एकट्या २०१५ मध्ये ११८ पाइक आले आणि एकूण संख्या केव्हाच ३०० च्या पुढं गेली. नाक मुरडणारे म्हणतात, अर्ध्या अर्ध्या तासाचे तुकडे ते, त्यांना अल्बम कशाला म्हणायचं? बीटल्सचा १९६३ चा पहिला अल्बम ३२ मिनिटांचा आहे. त्याला कुणी तुकडा म्हणाल्याचं मी ऐकलं नाही. पाइक मला सगळे आवडतात असं मुळीच नाही. सलग दहा ऐकले की कुठला कुठं संपला ते कळत नाही. पण प्रश्न किती काढले हा आहे, आणि संख्येत त्याच्या जवळपास झप्पाही नाही, यंगही नाही, डिलन तर नाहीच.