आउटर रिम आणि अननोन रीजन्स: एक दुर्लक्षित, दुसरा अगम्य

स्टार वॉर्सच्या दीर्घिकेबद्दल गप्पा रंगल्या की एक गल्लत हटकून होते. धुळीने भरलेला, कायद्याचा पत्ता नसलेला ग्रह दिसला की तो आउटर रिममधला असं ठरतं. काही गूढ, अंधारं, सिथ या काळ्या शक्तीच्या उपासकांचा वास येणारं दिसलं की तेही ‘तिकडेच, टोकाला कुठेतरी’ ढकललं जातं. मग आउटर रिम आणि अननोन रीजन्स ही नावं एकमेकांच्या जागी सर्रास वापरली जातात.

दोन्ही सरहद्दीचे मुलूख आहेत हे खरं. पण एक सरहद्द राज्यकर्त्यांच्या दुर्लक्षातून तयार झाली आणि दुसरी अवकाशाच्या घडणीतून. आउटर रिम लांब आहे, तरी त्याचे नकाशे आहेत. तिथे राज्यपाल नेमले जातात, मालाची ने-आण चालते, युद्धं होतात. अननोन रीजन्सचं तसं नाही. ते फार लांब आहेत असंही नाही, पण तिथे जायची धड वाट जवळपास कोणालाच ठाऊक नाही.

(२०१४ मध्ये जुन्या कादंबऱ्या आणि खेळांचा मोठा साठा ‘लेजेंड्स’ म्हणून बाजूला काढण्यात आला. इथे मी मुख्यतः त्यानंतरची अधिकृत मांडणी धरली आहे. लेजेंड्समधलं काही घेतलं असेल तिथे तसं सांगितलं आहे.)

नकाशाची डावी बाजू

दीर्घिकेच्या मध्यभागी डीप कोअर, त्याभोवती राजधानी कोरसांट असलेले कोअर वर्ल्ड्स, मग कॉलनीज, इनर रिम, एक्स्पान्शन रीजन, मिड रिम आणि शेवटी आउटर रिम, अशी एकात एक कडी आहेत. मात्र ही कडी पूर्ण गोल नाहीत. नकाशाच्या डाव्या, म्हणजे पश्चिमेच्या बाजूला मोठा भाग जवळजवळ कोरा दिसतो. तेच अननोन रीजन्स.

तो कोरा का राहिला हे कळायला हायपरस्पेसचा नियम पाहावा लागतो. प्रकाशापेक्षा वेगाने जाणारं जहाज मनाला येईल त्या दिशेने सोडता येत नाही. वाटेत तारा किंवा कृष्णविवर आलं तर खेळ खलास. त्यामुळे तपासलेल्या मार्गांवरूनच प्रवास होतो, आणि कुठलं ठिकाण जवळ नि कुठलं दूर हे प्रकाशवर्षांपेक्षा त्या मार्गांवर ठरतं. कोरेलियन रन कोअरमधून निघून थेट राइलॉथपर्यंत जातो, म्हणजे आउटर रिमच्या आत. एरियाडू हा ग्रहही आउटर रिममध्येच आहे, पण तो हायडियन वे आणि रिमा ट्रेड रूट या दोन मोठ्या मार्गांच्या तिठ्यावर बसलाय, त्यामुळे तिथली घराणी गब्बर झाली. लांब असणं म्हणजे मागास असणं नव्हे, याचं हे चांगलं उदाहरण.

पश्चिमेकडे मात्र सौरवादळं, कृष्णविवरं आणि गुरुत्वाकर्षणाच्या खड्ड्यांचा असा गुंता आहे की सरळ मार्ग आखताच येत नाही. एका छोट्या उडीनंतर थांबायचं, पुन्हा मोजमाप करायचं, पुन्हा छोटी उडी. मोठा ताफा घेऊन कोण असं जाईल?

याचा सगळ्यात मजेशीर पुरावा जाक्कू. वाळवंट, भंगार, उपाशी माणसं: २०१५ च्या चित्रपटात हा ग्रह पाहून तो आउटर रिममधल्या टॅटुईनच्या शेजारचा असेल असंच वाटतं. प्रत्यक्षात जाक्कू इनर रिममध्ये मोडतो. तो ओसाड वाटतो याचं कारण तो अननोन रीजन्सच्या तोंडाशी आहे. त्याच्यापुढे वाटच संपते. सम्राट पॅल्पटीनने आपली गुप्त वेधशाळा याच ग्रहावर उभारली होती. तिथली यंत्रं वर्षानुवर्षं एकच काम करत होती, त्या गुंत्यातून पलीकडे जाणारा मार्ग शोधण्याचं. काखेत कळसा म्हणतात तो हा प्रकार: शोध लागला नव्हता तो प्रदेश तसा हाकेच्या अंतरावर होता.

आउटर रिम: तीन राजवटी, एकच तक्रार

आउटर रिमचा इतिहास म्हणजे केंद्राने दिलेल्या आणि न पाळलेल्या आश्वासनांचा इतिहास. यॅव्हिनच्या लढाईपूर्वी (१९७७ च्या चित्रपटातली ही लढाई; इथली वर्षं तिच्यापासून मोजतात) २३२ व्या वर्षी, म्हणजे प्रजासत्ताक भरात असताना, लेगसी रन नावाचं मालवाहू जहाज हायपरस्पेसमध्ये फुटलं आणि त्याचे तुकडे हेट्झलसारख्या वस्त्यांवर येऊन कोसळू लागले. चान्सलर लीना सो हिने त्या भागातले मार्ग बंद केले. खबरदारी म्हणून ते योग्यच होतं, पण मार्ग बंद म्हणजे आउटर रिमचा श्वास बंद. त्याच सुमारास तिने स्टारलाइट बीकन हे भव्य अवकाशस्थानक सुरू केलं. सरहद्दीवरच्या लोकांना जेडायांचा, म्हणजे प्रजासत्ताकाच्या रक्षक योद्ध्यांचा, आधार आणि प्रजासत्ताकाची खूण, अशी कल्पना. दोनच वर्षांत निहिल लुटारूंनी ते पाडलं आणि त्यानंतर स्टॉर्मवॉल नावाचा, जहाजं अडवणारा अडसर उभारून आउटर रिमचा एक लचकाच तोडला. त्या काळाच्या कथा मला आवडतात त्या याचसाठी. इथे केंद्राची नियत चांगली आहे, तरीही हात पुरत नाही.

पुढे नियतही राहिली नाही. १९९९ च्या चित्रपटात, यॅव्हिनपूर्व ३२ मध्ये, जेडाय क्वाय-गॉन टॅटुईनवर उतरतो तेव्हा त्याच्याकडचं प्रजासत्ताकाचं चलन घ्यायला दुकानदार तयार होत नाही. गुलामगिरीविरुद्ध कायदे आहेत ना, असं त्याच्यासोबतची पद्मे विचारते, आणि तिथली गुलाम श्मी तिला शांतपणे सांगते की प्रजासत्ताक इथे नाहीच. तिथे राज्य हट टोळ्यांचं, म्हणजे बळी तो कान पिळी. मजा म्हणजे त्या चित्रपटाचा मूळ तंटा दूरच्या वस्त्यांकडे जाणाऱ्या व्यापारी मार्गांवरच्या कराचा आहे. लहानपणी तो भाग कंटाळवाणा वाटतो, पण आउटर रिम समजून घ्यायचा असेल तर तोच लक्ष देऊन ऐकण्यासारखा आहे.

दहा वर्षांनी हजारो ग्रहमाला प्रजासत्ताकातून फुटून निघायची भाषा करू लागल्या, त्यात नवल काय? फुटीरांचा नेता काउंट डूकू स्वतः आउटर रिममधल्या सेरेनोचा. फुटीरांची राजधानी रॅक्सस तिथलीच. युद्धाची सुरुवात जिओनोसिसवर झाली, फुटीरांचा सेनापती ग्रीव्हस उटापाऊवर मेला आणि फुटीर नेत्यांची कत्तल मुस्ताफारवर झाली. हे तिन्ही ग्रह आउटर रिममधले. फुटीरांच्या पाठीशी बड्या व्यापारी संघटना होत्या आणि त्यांचा स्वार्थ उघड होता, पण सामान्य ग्रहांचा राग काही त्यांनी निर्माण केला नव्हता. त्यांनी तो वापरला.

प्रजासत्ताकाच्या जागी आलेल्या साम्राज्याने आउटर रिमकडे लक्ष दिलं, फक्त ते लक्ष जेवढं कमी तेवढं बरं असं होतं. पहिला ग्रँड मॉफ, म्हणजे बडा राज्यपाल, म्हणून विल्हफ टार्किनकडे हा प्रदेश सोपवला गेला, आणि टार्किन कुठला, तर एरियाडूचा. म्हणजे कुंपणानेच शेत खाल्लं. लोथालच्या शेतजमिनी कारखान्यांनी गिळल्या. डेथ स्टार या ग्रह फोडणाऱ्या अस्त्राचं काम आधी जिओनोसिसच्या आकाशात आणि मग स्कारिफवर चाललं, कारण तिथे विचारणारं कोण होतं?

आणि १९७७ च्या चित्रपटातला तो प्रसंग. बंडखोरांचा तळ कुठे आहे या प्रश्नाला पकडली गेलेली बंडखोर लेया ‘डँटुईन’ असं खोटं उत्तर देते. टार्किन म्हणतो, डँटुईन फारच दूर आहे, त्याने दहशत बसणार नाही. आणि कोअरमधला आल्डरान उडवतो. आउटर रिमची किंमत याहून नेमकी कोणी सांगितलेली नाही. तिथला अख्खा ग्रह नष्ट झाला तरी त्याची हवी तशी बातमी होणार नाही, असा हिशोब तिथलाच माणूस थंडपणे मांडतो.

साम्राज्य पडून नवं प्रजासत्ताक आलं तरी फार फरक पडला नाही. २०२३ मध्ये आलेल्या ‘द मँडलोरियन’ मालिकेच्या भागात नेव्हारोवर समुद्री चाच्यांसारखी टोळी चालून येते, तिथला प्रमुख मदत मागतो, आणि कोरसांटवरचा अधिकारी म्हणतो की हा ग्रह आपला सदस्य नाही. जुनंच उत्तर, नव्या शिक्क्यासह.

अननोन रीजन्स: आतल्यांचा इतिहास

इथे असा सलग इतिहास सांगता येत नाही, कारण बाहेरून पाहणाऱ्याला फक्त तुकडे दिसतात. पण ‘अननोन’ हे बाहेरच्यांचं मत आहे. आत चिस लोकांचं राज्य हजारो वर्षं नांदतंय. सिला त्यांची राजधानी, सत्ता मोठ्या घराण्यांच्या हातात. या प्रदेशाला ते ‘केऑस’ म्हणतात. त्यांच्यापुढे प्रवासाची अडचण तीच, पण त्यांनी काढलेला तोडगा विलक्षण आहे. फोर्सची, म्हणजे जेडायांना बळ देणाऱ्या अदृश्य शक्तीची, जाण असलेली लहान मुलं, बहुतेक मुली, जहाजाला वाट दाखवतात; पुढचा धोका त्यांना क्षणभर आधी दिसतो. वय वाढलं की ही शक्ती ओसरते. अख्ख्या साम्राज्याचं दळणवळण मूठभर पोरींच्या खांद्यावर, आणि ही गोष्ट परक्यांपासून काटेकोरपणे लपवलेली. ग्रँड अ‍ॅडमिरल थ्रॉन याच समाजातून आला. या कल्पनेपुढे आउटर रिममधली कुठलीही टोळी मला फिकी वाटते.

चिसांखेरीज इथे काय काय आहे? जेडायांचे शिष्य लाइटसेबर या प्रकाशाच्या तलवारीचा स्फटिक घ्यायला ज्या इलमवर जात, तो ग्रह इथलाच. जेडायांना त्या एका ठिकाणची वाट माहीत होती, बाकीच्यांना नव्हती. पुढे साम्राज्याने इलम पोखरला आणि साम्राज्याच्या उरलेल्यांतून उभ्या राहिलेल्या फर्स्ट ऑर्डरने त्याचाच स्टारकिलर बेस हा शस्त्रतळ केला. जेडाय ल्यूक लपला तो आक-टोही याच भागात. म्हणून तर नकाशाच्या एका तुकड्यासाठी एवढी धावपळ झाली. आउटर रिममधला ग्रह असता तर जहाजाच्या संगणकात पत्ता सापडला असता. लेजेंड्समध्ये कोरसांटच्या प्रजासत्ताकाआधी दीर्घिकेवर राज्य करणाऱ्या राकाटांचा मूळ ग्रहही इथेच ठेवला आहे.

यॅव्हिननंतर ५ व्या वर्षी जाक्कूच्या लढाईत साम्राज्य हरलं, आणि वेधशाळेने शोधलेल्या मार्गाने निवडक मंडळी, रे स्लोन आणि ब्रेंडल हक्स यांच्यासह, आत निसटली. त्यांच्यातूनच फर्स्ट ऑर्डर उभी राहिली.

कोण कुठे लपलं

दोन्ही प्रदेशांतला फरक लपणाऱ्यांवरून सर्वात चांगला कळतो. बंडखोरांचे तळ डँटुईन, यॅव्हिनचा चौथा चंद्र, होथ असे आउटर रिममध्ये होते. त्यांना माणसं हवी होती, इंधन, तस्कर आणि साम्राज्यावर चिडलेले गावकरी हवे होते. हे सगळं मिळतं ते वस्ती असलेल्या, पण कोणी वाली नसलेल्या मुलखात. त्याची किंमतही होती: शोधणाऱ्याला मार्ग खुले होते, म्हणून तळ सतत हलवावा लागे. फर्स्ट ऑर्डरला उलट पाहिजे होतं. तीस वर्षं कोणाच्या नजरेला न पडता जहाजं बांधायची, आणि सैनिक म्हणून बाहेरून पळवून आणलेली मुलं वाढवायची. त्यासाठी वाट नसलेला प्रदेशच लागतो.

इथे लेखकांच्या सोयीबद्दलही बोललं पाहिजे. आउटर रिममध्ये काहीही घडवायचं तर आधीच्या घटनांशी सांगड घालावी लागते. कर, कायदे, जुनी वैरं सगळं आडवं येतं. अननोन रीजन्समध्ये काहीही ठेवता येतं आणि ‘आजवर कोणाला दिसलं नव्हतं’ म्हणून सुटता येतं. चिसांच्या बाबतीत या मोकळीकीचं सोनं झालं. एक्सेगॉल या सिथ ग्रहाच्या बाबतीत नाही. ग्रह फोडणाऱ्या जहाजांचा प्रचंड ताफा, त्याचे खलाशी, त्यांचं अन्नपाणी, हे सगळं तेजोमेघाआड कसं जमलं याचं पटणारं उत्तर २०१९ च्या चित्रपटात मिळत नाही. त्यातली एक गोष्ट मात्र नेमकी जुळलेली आहे: एक्सेगॉलची वाट दाखवणारं यंत्र फर्स्ट ऑर्डरच्या कायलो रेनला सापडतं ते मुस्ताफारवर, म्हणजे आउटर रिममध्ये.

मधले आणि बाहेरचे

गोंधळ वाढवणारं तिसरं नाव म्हणजे वाइल्ड स्पेस. आउटर रिमच्या पलीकडचा, थोडाफार पाहिलेला पण नीट न मोजलेला पट्टा. कामिनो हा ग्रह तिथे आहे, रिशी मेझ या छोट्या दीर्घिकेच्याही पुढे. जेडायांच्या ग्रंथालयात तो सापडला नाही याचं कारण तो अज्ञात होता हे नव्हे, तर कोणीतरी नोंद पुसली होती. बाटू हा ग्रह आउटर रिमच्या अगदी काठावर येतो. पुढच्या अंधारात जाणाऱ्यांचा शेवटचा थांबा.

आणि २०२३ च्या ‘असोका’ मालिकेत थ्रॉन ज्या पेरिडियावर अडकलेला दिसतो, ते अननोन रीजन्स नाहीत. तो चिस आहे म्हणून बऱ्याच जणांनी तसं धरलं, पण पेरिडिया दुसऱ्याच दीर्घिकेत आहे. थ्रॉनला तिथे अवकाशात पोहणारे पुरगिल नावाचे प्राणी घेऊन गेले, आणि त्याच्या साथीदारांना तिथवर पोहोचायला अनेक हायपरड्राइव्ह जोडलेलं ‘आय ऑफ सायन’ नावाचं अवाढव्य कडं बांधावं लागलं.