प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल: वाद श्रद्धेचा नव्हता

इंग्लंडमधले प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल हे दोन प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथ श्रद्धेवरूनच फुटले, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. ते खरं नाही. १६४३ पासून लंडनच्या वेस्टमिन्स्टर सभेत, म्हणजे चर्चची व्यवस्था ठरवायला बसलेल्या धर्मपंडितांच्या सभेत, वाद झाला तो अधिकारावरून. मंडळीने (म्हणजे एका गावच्या चर्चने) एखाद्याला बहिष्कृत केलं, तर त्याने दाद कुठे मागायची? प्रेस्बिटेरियन म्हणत, वरच्या वडीलसभेकडे, म्हणजे अनेक मंडळ्यांच्या पाळकांच्या आणि वडिलांच्या सभेकडे. तिचा निर्णय बंधनकारक. काँग्रिगेशनल बाजूचे थॉमस गुडविन, फिलिप नाय म्हणत, शेजारच्या मंडळ्यांनी सल्ला जरूर द्यावा, हुकूम नको. आणि दोन्ही बाजू बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’, अध्याय १५ हाच आधार पुढे करत!

सर्वांत ठोस पुरावा १६५८ चा. काँग्रिगेशनल मंडळ्यांनी लंडनमधल्या सॅव्हॉय इथे स्वतःचा जाहीरनामा केला, तेव्हा वेस्टमिन्स्टर सभेचाच विश्वासनामा (श्रद्धेचं लेखी निवेदन) बहुतांशी तसाच घेतला. गाळले ते शिस्त आणि धर्मसभांवरचे अध्याय, ३० आणि ३१.