ट्रॉली, घाट आणि कोंडलेली हवा

इंदूरच्या रामबागेत आमच्या शेजारच्या काकांचं केटरिंगचं काम आहे. जनरेटरची ट्रॉली ओढायला पिकअप घ्यायची म्हणून परवा ओट्यावर चर्चा रंगली. "डिझेलच घ्या काका, डिझेलमध्ये दम असतो," असा निकाल लागला. निकाल बरोबर, कारण चूक. किलोभर डिझेल जाळा नाहीतर किलोभर पेट्रोल, उष्णता जवळपास तेवढीच. लिटरमागे डिझेल थोडी जास्त देतं, कारण ते जड असतं.

मग दम येतो कुठून? सायकलचा पंप भराभर मारला की त्याचं टोक तापतं. डिझेल इंजिन हाच पंप, फक्त फार निर्दय. दट्ट्या आत आलेली हवा दाबून १६ ते १८ पट लहान करतो आणि ती ५०० अंश सेल्सिअसच्या वर तापते. त्या धगीत डिझेलचा बारीक फवारा सुटला की ठिणगीवाचून पेट घेतो. पेट्रोल मात्र बहुधा आधीच हवेत मिसळलेलं असतं. ते इतकं दाबलं तर ठिणगीची ज्योत पोचायच्या आधीच आपोआप भडकेल, इंजिन 'नॉक' करेल, म्हणजे आतून ठोके देईल. म्हणून तिथे साधारण दहा-अकरा पटीवर थांबावं लागतं. डिझेलमध्ये दाबायची ती नुसती हवा! टर्बो, म्हणजे हवा आत ढकलणारा पंखा, लावून आणखी कोंबा, भडकायला आत काही नसतंच. म्हणून मिनिटाला दोन हजार फेऱ्यांच्या आतच दट्ट्यावर दणका बसतो. तोच टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर. रुडॉल्फ डिझेलच्या १८९७च्या इंजिनाने इंधनातल्या उष्णतेचा चौथा हिस्सा कामाला लावला होता, तो याच दाबाच्या जोरावर.

जाहिरातवाले टॉर्कचा आकडा मिरवतात, पण गिअर बदलून चाकाजवळचा टॉर्क हवा तेवढा वाढवता येतो. चढावर हिशेब शक्तीचा. तीन टन वजन दर १०० मीटरला १० मीटर वर, ताशी ३६ किलोमीटरने न्यायचं तर नुसतं उचलायलाच सुमारे ४० अश्वशक्ती लागते. पेट्रोल इंजिनही ती देईल, पण चार हजार फेऱ्यांवर, किंचाळत, टाकी रिकामी करत.

गंमत उतारावर आहे. धामनोदचं लग्न घेतलं की भेरूघाटातून निमाडात उतरायचं. पाय काढला की पेट्रोल इंजिनाचा थ्रॉटल हवेचा गळा आवळतो, गाडी आवरते. डिझेलमध्ये तसं होत नाही आणि दाबलेली हवा स्प्रिंगसारखी दट्ट्याला परत ढकलते. म्हणून मोठ्या ट्रकांना एक्झॉस्ट ब्रेक लावतात, तो धुराची वाट अडवून इंजिनालाच आवरतो. "न्यूट्रलमध्ये उतरलं की डिझेल वाचतं" म्हणणाऱ्यांना तर हात जोडावेत! आजच्या इंजिनात गिअर असताना पाय काढला की फवारा बंदच होतो. न्यूट्रलमध्ये तो चालू राहतो, आणि सगळा भार ब्रेकवर. तापलेल्या ब्रेक-लायनरला बंपरवरचं लिंबू-मिरची दिसत नाही.

काकांनी डिझेलच बुक केली. ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक आहे का, हे मात्र ओट्यावर अजून कुणी विचारलेलं नाही.