फाटक, व्यापारी आवाराचे (सुरक्षासाधनांची निवड)

गोदाम, कारखाना, पेढी किंवा व्यापारी संकुल यांच्या कुंपणभिंतीतील मुख्य प्रवेशमार्ग आणि तो राखणारी साधने. कोल्हापुरात बोलताना ‘गेट’ हाच शब्द सर्रास वापरतात.

‘फाटक’ शब्दाच्या व्युत्पत्तीविषयी मतभेद आहेत. काही कोशकार तो संस्कृत ‘कपाट’ या शब्दाकडे नेतात. दुसऱ्या मतानुसार त्याचा संबंध ‘फाट’, म्हणजे भिंतीतील उघडी जागा, या अर्थाशी आहे. ‘कपाट’पासून मराठीत नियमाने ‘कवाड’ आले. मधल्या ‘प’चा ‘व’ आणि ‘ट’चा ‘ड’ झाला. त्याच शब्दातून ‘ट’ जसाच्या तसा ठेवून ‘फाटक’ येणे अवघड दिसते, म्हणून दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते. शहराच्या दाराला ‘वेस’ म्हणत. हा शब्द ‘विश्’ (प्रवेश करणे) या धातूशी जोडतात. कोल्हापूरचा तट बहुतेक गेला, तरी ‘गंगावेश’ या नावात ती खूण उरली आहे. तेथील ‘श’ जुना आहे की संस्कृत वळणाने मागाहून आला, हे मात्र केवळ नावावरून ठरवता येत नाही.

पन्हाळ्याचा तीन दरवाजा सामान्यतः सोळाव्या शतकातील आदिलशाही काळाचा मानतात. एकामागून एक दारे आणि मध्ये बंदिस्त चौक, अशी त्याची रचना आहे. पहिले दार ओलांडणारा चौकात अडकतो. आज काही सराफी पेढ्यांत एक दार बंद झाल्याशिवाय दुसरे उघडत नाही, त्यामागे हेच तत्त्व आहे. मोठ्या दारातील माणसापुरत्या दाराला ‘दिंडी’ म्हणत. कारखान्यांनी ती आजही ठेवावी, कारण एका माणसासाठी सगळे गेट उघडले की राखण त्या वेळेपुरती संपते.

निवड करताना आधी आवारात काय ये-जा करते ते पाहावे लागते. मार्केट यार्डातील गुळाच्या गाड्या आणि गोकुळ शिरगाव किंवा शिरोली औद्योगिक वसाहतीतील कंटेनर यांना रुंद, सरकते गेट सोयीचे पडते. झुलत्या पाखांना (बिजागरीवर फिरणाऱ्या गेटच्या फळ्यांना) आत मोकळी जागा लागते. बूम बॅरियर (वर-खाली होणारा आडवा दांडा) वाहन थांबवतो, माणूस त्याखालून वाकून जातो, म्हणून रात्री त्यामागे खरे गेट हवेच. झुलत्या गेटची पाखे बिजागरीतून उचलून काढता येऊ नयेत, यासाठी वरच्या बिजागरीवर टोपी वेल्ड करतात. कडीकोयंडा उघडा असेल तर भारी कुलूपही व्यर्थ. तो पत्र्याच्या पेटीत झाकलेला बरा. सरकत्या गेटला रुळाच्या टोकाशी अडथळा आणि वर आधार नसेल, तर काही क्विंटलचे धूड रखवालदाराच्या अंगावर कोसळू शकते. हा खर्च कधीही वाचवू नये.

विजेवर चालणाऱ्या गेटला माणूस मध्ये आल्यास थांबवणारा फोटोसेल आणि वीज गेल्यावर मोटर चावीने मोकळी करण्याची सोय आवश्यक असते. रिमोटचा संकेत दर वेळी बदलणारा असावा. एकच स्थिर संकेत टिपून पुन्हा वापरता येतो. दार उघडण्याच्या जुन्या १२५ किलोहर्ट्झच्या साध्या कार्डांची नक्कलही सहज होते.

कोल्हापुरात पाण्याचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट व धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले आणि शाहूपुरीचा सखल भाग, व्हीनस कॉर्नर परिसर बुडाला. ‘आयपी ६७’ (धूळ व पाणी रोखण्याचा दर्जा) असलेली पेटी १ मीटर पाण्यात ३० मिनिटांपर्यंत टिकण्याची हमी देते, तर पूर येथे कित्येक दिवस मुक्काम करतो. म्हणून नियंत्रण पेटी भिंतीवर पूररेषेच्या वर बसवणे आणि मोटर सोडवून उचलून नेता येईल अशी ठेवणे हाच शहाणा मार्ग. रुळात साचलेला गाळ पाणी ओसरताच काढला नाही, तर गेट जाम होते.

उंच इमारतींच्या आवारात अग्निशमन बंब शिरण्यासाठी राष्ट्रीय इमारत संहितेनुसार प्रवेशद्वार किमान ६ मीटर रुंद लागते. आस्थापनेचे थेट व नियमित कर्मचारी नसलेल्या, उदा. एजन्सीमार्फत नेमलेल्या, रक्षकांस ‘महाराष्ट्र खाजगी सुरक्षा रक्षक (नोकरीचे नियमन व कल्याण) अधिनियम, १९८१’ लागू होतो.