मुळ्याचा डाग आणि 'रक्त आहे' हे वाक्य

फॉरेन्सिकच्या पहिल्या वर्षाचं प्रात्यक्षिक होतं. टेबलावर पांढऱ्या सुती कापडाचे सहा तुकडे, प्रत्येकावर एक तांबूस डाग. यातलं रक्त कोणतं ते शोधा, एवढंच सांगितलं होतं. हातात तीन ड्रॉपर: स्पिरिट, फिनॉल्फ्थॅलिनचं द्रावण आणि हायड्रोजन पेरॉक्साइड.

फिनॉल्फ्थॅलिन म्हणजे शाळेत टायट्रेशनला वापरतो तेच. फक्त इथे ते अल्कलीत जस्ताबरोबर उकळून रंगहीन केलेलं असतं. रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये लोहाचा अणू धरून बसलेला 'हीम' नावाचा भाग असतो. त्याच्या सान्निध्यात पेरॉक्साइड त्या रंगहीन द्रावणाचं झपाट्याने ऑक्सिडीकरण करतं आणि गुलाबी रंग उमटतो. डागावर फिल्टर पेपरचं टोक घासायचं, त्यावर आधी स्पिरिटचा थेंब, मग फिनॉल्फ्थॅलिन, मग थोडं थांबायचं आणि शेवटी पेरॉक्साइड. थांबायचं कशासाठी? पेरॉक्साइड पडण्याआधीच कागद गुलाबी झाला, तर डागात दुसराच कुठला तरी ऑक्सिडीकारक आहे आणि ती चाचणी बाद. रंग यायला उशीर झाला तरी उपयोग नाही, कारण हे द्रावण नुसत्या हवेनेही हळूहळू गुलाबी होतं. जे काही ठरतं ते पहिल्या काही सेकंदांत.

माझे दोन कागद गुलाबी झाले. मी जर्नलमध्ये लिहिलं, 'नमुना 2 व 5: रक्त आहे.' बाईंनी वाचलं आणि 'आहे' या शब्दावर लाल रेघ मारली. दोन नंबरचा डाग खाटकाकडून आणलेल्या बोकडाच्या रक्ताचा होता. पाच नंबरचा होता खायच्या रंगात कालवलेल्या मुळ्याच्या रसाचा. मुळा, बटाटा, कोबी यांच्यात पेरॉक्सिडेज नावाची विकरं (एन्झाइम) असतात आणि तीही हेच काम करतात. म्हणजे त्या गुलाबी रंगाचा अर्थ फक्त 'रक्त असू शकतं' इतकाच. खरं तर उपयोग उलट्या बाजूने जास्त: रंग आलाच नाही, तर तो डाग बहुधा बाजूला ठेवता येतो.

'आहे' म्हणायला पुढची पायरी लागते. डागाचा कण पिरिडीन असलेल्या ताकायामा द्रावणात गरम करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि गुलाबी-नारिंगी स्फटिक दिसले, तर रक्त. तरीही ते माणसाचं की बोकडाचं हे कळत नाही. त्यासाठी मानवी प्रथिनं ओळखणारी प्रतिपिंडांची (अँटिबॉडींची) चाचणी. माणसाचं ठरलं तरी कोणाचं, हे डीएनए सांगणार. आणि ते तिथे कधी, कसं सांडलं, हे डीएनएही सांगत नाही.

न्यायसहायक विज्ञान, म्हणजे आपण सगळे ज्याला फॉरेन्सिक म्हणतो ते, विद्यापीठात शिकायला येणाऱ्या मुलांना मी हाच किस्सा आधी सांगते. टीव्हीवर पाहून आलेल्या मुलांना यंत्रांची ओढ असते, आणि ती असायलाच हवी. पण या पदवीत खरी घडण होते ती वाक्याची. चाचणी जितकं बोलते तितकंच लिहायचं. कायदासुद्धा तज्ज्ञाच्या म्हणण्याला 'मत' म्हणतो. आधी पुरावा कायद्याच्या कलम 45 मध्ये ते होतं, आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 39 मध्ये आहे.

अभ्यासक्रम पसरट आहे: विषशास्त्र, रक्तशास्त्र, हस्ताक्षर आणि संशयित दस्तऐवज, बंदुका आणि गोळ्या, सायबर. गणित सुटलं असं समजून बारावीनंतर इकडे आलेल्यांना तेही परत भेटतं. रक्ताचा थेंब सरळ खाली पडला तर डाग गोल, तिरका आला तर लांबोळका. डागाची रुंदी भागिले लांबी, हे आदळण्याच्या कोनाचं साइन. रुंदी 4 मिलिमीटर, लांबी 8, म्हणजे अर्धा, म्हणजे 30 अंश. कोऱ्या कागदावर बोकडाचं रक्त शिंपडून, पट्टी घेऊन दुपारभर हे मोजत बसायचं.

बोटांच्या ठशांचा तास मला सर्वांत आवडायचा, कारण ती आपल्याकडची गोष्ट आहे. 1897 मध्ये कलकत्त्यात ठसे कार्यालय सुरू झालं. वर्गीकरणाला नाव मिळालं एडवर्ड हेन्रींचं, पण त्यामागचं काम अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय पोलीस अधिकाऱ्यांचं. दहा बोटांच्या पाच जोड्या करायच्या, ज्या बोटावर चक्र, म्हणजे गोल फिरलेल्या रेषा, असेल त्याला जोडीनुसार 16, 8, 4, 2 किंवा 1 असे गुण द्यायचे. जोडीतल्या एकेका बोटाच्या गुणांची बेरीज वेगळी धरली, की प्रत्येक बेरजेच्या 32 शक्यता. त्यातून 32 गुणिले 32, म्हणजे 1024 खण तयार होतात. हजारो कार्डांमधून एक माणूस शोधायचा तर आता एका खणातलीच कार्डं पाहायची. संगणक यायच्या कितीतरी आधी!

मात्र त्याच तासाला 2004 चं माद्रिदही शिकवायला हवं. रेल्वेतल्या बॉम्बस्फोटांनंतर सापडलेल्या एका पिशवीवरचा अर्धवट ठसा अमेरिकेच्या एफबीआयने ओरेगॉनमधल्या एका वकिलाचा ठरवला. अनुभवी तज्ज्ञांचं त्यावर एकमत होतं. वकिलाला अटक झाली. मग स्पेनच्या पोलिसांनी तो ठसा दुसऱ्याच माणसाचा असल्याचं दाखवलं, आणि एफबीआयला माफी मागावी लागली. ठसे खोटं बोलले नव्हते. चूक झाली होती ती दोन ठसे जुळले असं म्हणणाऱ्या माणसांची.

प्रयोगशाळेत येण्याआधीच किती काही बिघडू शकतं, हे मुलांना कळायला वेळ लागतो. ओला, रक्ताने माखलेला शर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधला, तर आपल्या पावसाळी हवेत काही दिवसांत त्याला बुरशी येते आणि डीएनए विस्कटतो. तो सावलीत वाळवून कागदातच बांधायचा. मग पंचांच्या सह्यांचं लेबल, लाखेचं सील, पंचनाम्यात नोंद. मुंबईत कलिनाच्या न्यायसहायक प्रयोगशाळेत मुद्देमाल पोचला की तिथे पहिलं काम सील शाबूत आहे का ते पाहण्याचं. पुढे येणारा सीए रिपोर्ट, म्हणजे रासायनिक विश्लेषकाचा (केमिकल अ‍ॅनलायझरचा) अहवाल, कितीही अचूक असो, मधल्या प्रवासाचा हिशेब लागत नसेल तर बचावाचा वकील नेमकं तिथेच बोट ठेवतो.

1 जुलै 2024 पासून हे आणखी महत्त्वाचं झालं आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 176(3) नुसार, 7 वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करायचे आहेत. राज्यांना त्यासाठी 5 वर्षांपर्यंत मुदत आहे. म्हणजे माणसं लागणार, आणि शिकलेली लागणार.

कुठे शिकायचं? मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत. गांधीनगरचं राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठ 2020 पासून केंद्राचं आहे आणि त्याची एक शाखा गोव्यात आहे. पालक विचारतात तेव्हा मी मात्र सरळ सांगते: आधी रसायनशास्त्र किंवा जीवशास्त्रात पक्की बी.एस्सी. करा, मग फॉरेन्सिकमध्ये एम.एस्सी. मुळ्याने फसवलं तेव्हा मला फॉरेन्सिकचं पुस्तक नाही, विकरांचं रसायनशास्त्र कमी पडलं होतं.

शेवटच्या सत्रात अभिरूप न्यायालय भरवतात. विधी महाविद्यालयाची मुलं वकील होतात, आमची साक्षीदार. गेल्या खेपेला एक मुलगी पिंजऱ्यात उभी होती. वकील झालेला मुलगा आवाज चढवून विचारत होता, "हो की नाही एवढंच सांगा, हे रक्त आरोपीचं आहे ना?"

"नमुना माणसाच्या रक्ताचा आहे," ती म्हणाली. "डीएनए तपासणी माझ्याकडे नव्हती."

त्याने पुन्हा विचारलं. तिने तेच वाक्य, तेवढंच, पुन्हा सांगितलं.