अंधाऱ्या व्हिडिओचे उजळीकरण

कमी प्रकाशात टिपलेली किंवा एक्स्पोजर चुकल्याने काळवंडलेली दृश्ये संपादनात उजळ करण्याची प्रक्रिया. हा रंगदुरुस्तीचा भाग असून ती दृश्यात नवा प्रकाश आणत नाही. कॅमेऱ्याने सावलीत नोंदवलेले बारीक फरक ताणून ते डोळ्यांना दिसतील असे केले जातात, एवढेच. म्हणून दृश्य किती उजळेल हे सॉफ्टवेअरपेक्षा मूळ फाइलवर जास्त अवलंबून असते.

नवशिक्याचा हात बहुधा आधी ‘ब्राइटनेस’च्या पट्टीकडे जातो. अनेक सॉफ्टवेअरमध्ये ही पट्टी प्रत्येक पिक्सेलच्या मूल्यात सारखीच भर घालते; त्यामुळे काळा रंग राखाडी होतो आणि सगळ्या चित्रावर धुके पसरल्यासारखे वाटते. गेन म्हणजे गुणाकार. त्यात काळे जागच्या जागी राहते, पण दिवे, खिडक्या, आकाश असे आधीच उजळ असलेले भाग पांढरेफटक पडतात. गॅमा काळे आणि पांढरे ही दोन्ही टोके धरून ठेवतो आणि मधला भाग उचलतो, म्हणून अंधाऱ्या दृश्यात सुरुवात त्यापासून करणे चांगले. कर्व्हने, म्हणजे उजळपणाच्या प्रत्येक टप्प्याला वेगळे वर-खाली करता येणाऱ्या आलेखरेषेने, हेच काम अधिक नेमके होते : सावल्या वर घेऊन अगदी खालचे टोक काळ्यावर पक्के ठेवता येते. ते टोक सुटले की दृश्य फिके आणि खोटे वाटू लागते.

अडचणीचे मूळ प्रकाशाच्या मोजणीत आहे. प्रकाश एक स्टॉप कमी होणे म्हणजे निम्मा होणे. १२ बिटच्या रेषीय, म्हणजे प्रकाशाच्या थेट प्रमाणात केलेल्या, नोंदीतल्या ४,०९६ पातळ्यांपैकी सर्वांत उजळ स्टॉपला २,०४८ मिळतात, त्याखालच्याला १,०२४, आणि सहाव्यापर्यंत पोचेतो फक्त ६४ उरतात. शिवाय फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, एकसारख्या संख्येने येत नाहीत. सरासरी १०,००० फोटॉन आले तर चढउतार साधारण १०० चा, म्हणजे १ टक्का असतो. १०० च आले तर तो १० चा, म्हणजे १० टक्के होतो. हाच चढउतार पडद्यावर वळवळणाऱ्या दाण्यांच्या, म्हणजे नॉईजच्या रूपात दिसतो आणि चित्राबरोबर तोही ताणला जातो.

कॉम्प्रेशन, म्हणजे फाइल लहान करण्यासाठी माहिती गाळणे, त्यात भर घालते. अंधाऱ्या भागातला तपशील फारसा दिसत नाही, म्हणून हे काम करणारा एनकोडर तो सहज टाकून देतो. उजळल्यावर तिथे चौकोनी ठोकळे उमटतात. ८ बिटच्या फाइलमध्ये प्रत्येक रंगासाठी जास्तीत जास्त २५६ पातळ्या असल्याने सपाट भिंतीवर किंवा आकाशात पट्टे पडतात. १० बिटमध्ये पातळ्या १,०२४ होतात. रॉ फाइल, म्हणजे सेन्सरची जवळपास कच्ची नोंद, मात्र सर्वांत जास्त ताण सोसते.

नॉईज कमी करण्याची पायरी साधारणपणे उजळण्याच्या आधी घ्यावी. कॅमेरा आणि विषय स्थिर असतील तर लागोपाठच्या ४ फ्रेमची सरासरी घेतल्याने यादृच्छिक नॉईज निम्म्यावर येतो. हलत्या हातामागे मात्र पुसट शेपूट उमटू शकते. रंगांकडेही पाहावे लागते. व्हिडिओ साठवण्याच्या ४:२:० पद्धतीत रंगाची माहिती आडव्या आणि उभ्या दिशेने निम्म्या तपशिलात साठवलेली असते, त्यामुळे उजळलेल्या सावल्यांत जांभळे-हिरवे डाग दिसतात. तिथली सॅच्युरेशन (रंगाची गडदता) थोडी उतरवणे हा बरा उपाय.

डोळा अंधाराला सरावतो आणि मॉनिटरचा स्वतःचा उजळपणाही फसवतो. म्हणून निर्णय वेव्हफॉर्म, म्हणजे चित्रातल्या उजळपणाचा आलेख, पाहून घ्यावा. सगळी फ्रेम उजळण्याऐवजी चेहऱ्यावर मास्क (फक्त तेवढाच भाग निवडणारी चौकट) लावून तो चेहऱ्याबरोबर हलेल असा ट्रॅक केला आणि तेवढाच भाग उजळला, तर रात्र रात्रच राहते आणि माणूसही दिसतो. बहुतेक दृश्यांना एवढेच पुरते.

यंत्रशिक्षणावर आधारलेली साधने अंधारातला तपशील अंदाजाने भरून काढतात. कथापटात ते चालते. पुरावा म्हणून पाहायच्या सीसीटीव्ही चित्रणात मात्र असा रचलेला तपशील दिशाभूल करू शकतो; तिथे मूळ फाइलला हात न लावता प्रतीवर काम करतात आणि प्रत्येक बदलाची नोंद ठेवतात.