दुपारी दोनला कळसूबाईवर का नसावं

मे महिन्यात सोलापुरात पारा बेचाळीसवर गेला की सह्याद्रीतल्या ट्रेकचे बेत ठरू लागतात. पावसाळ्यातली झुंबड नसते, वाट निसरडी नसते, मुलांना सुट्टी असते. मग कळसूबाई, साल्हेर, हरिश्चंद्रगड ही नावं निघतात. रात्री जेवून गाडी काढायची, सकाळी आठ-नऊला कळसूबाईच्या पायथ्याच्या बारी गावात उतरायचं, पोहे खाऊन चढायला लागायचं, आणि रमतगमत माथा गाठेपर्यंत दुपार. या बेतात मला एकाच गोष्टीची खरी काळजी वाटते, ती म्हणजे माथ्यावर पोहोचायची ही वेळ.

उंचीबरोबर हवा गार होते हे सगळ्यांना ठाऊक असतं. दर किलोमीटरला सरासरी साडेसहा अंश. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण पावणेपाचशे मीटरवर आहे, कळसूबाई १६४६ मीटरवर. म्हणजे नुसत्या उंचीमुळे सात-साडेसात अंशांचा फरक पडतो. बेचाळीसचे पस्तीस झाले, आणखी काय हवं? बहुतेकांचा हिशोब इथेच थांबतो. हवेतली वाफ त्यात धरलेलीच नसते.

सोलापूरची उन्हाळी हवा कोरडी. घाम आला कधी आणि वाळला कधी ते कळत नाही, शर्टावर फक्त मिठाचे पांढरे ओघळ राहतात. घाटमाथ्यावर दुपारनंतर कोकणातली दमट हवा वर येते. तिथे घाम अंगावरून निथळत राहतो, पण वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय शरीरातली उष्णता बाहेर पडत नाही. पस्तीस अंशांतही आपला काटक सोलापूरकर दमतो तो यामुळे.

याच वाफेतून ढग घडतात. हवेचं तापमान आणि दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं तो) यांत जितक्या अंशांचा फरक, त्याला १२५ ने गुणलं की ढगाचा तळ जमिनीपासून साधारण किती मीटरवर असेल ते निघतं. सोलापुरात तापमान ४२ आणि दवबिंदू १४ असेल, तर तळ साडेतीन हजार मीटरवर. घाटात तापमान ३२ आणि दवबिंदू २२ असेल, तर फक्त साडेबाराशे मीटरवर. त्यात उन्हाने तापलेले उतार हवेला वर ढकलत असतात. त्यामुळे आजूबाजूचं आभाळ मोकळं असतानाही नेमक्या शिखरावर ढग धरतो.

वळीव आपल्याला नवा नाही. माळरानावर तो लांबूनच दिसतो. क्षितिज काळवंडतं, विजा लखलखतात, मग धुळीचा लोट येतो. ढगातून सुटलेलं पाणी खालच्या कोरड्या हवेत वाटेतच वाळतं, त्याने हवा गार आणि जड होऊन खाली कोसळते आणि जमिनीवर चहूकडे पसरते. तोच तो धुळीचा लोट. म्हणजे पावसाआधी सांगावा येतो, वाळवण उचलायला वेळ मिळतो. डोंगरावर तशी सवड मिळेलच असं नाही. पलीकडचं आभाळ डोंगराच्या धारेआड असतं, नाहीतर ढग आपल्याच डोक्यावर तयार होत असतो. कापसाएवढ्या दिसणाऱ्या ढगाला गडगडायला अर्धा ते एक तास पुरतो.

मोबाइलवरच्या अंदाजावर किती विसंबायचं? संगणकी प्रारूपं पृथ्वीचे चौकोन पाडून हिशोब करतात. भारतात बरीच वर्षं वापरात असलेल्या प्रारूपाचा चौकोन सुमारे १२ किलोमीटरचा होता. मे २०२५ मध्ये आलेल्या नव्या प्रणालीत तो सहावर आला. ही मोठी प्रगती आहे. तरीही सहा किलोमीटरच्या चौकोनात शिखर, पायथा आणि दरी यांची सरासरीच होते. ‘तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस’ असं लिहून आलं, तर त्या तुरळक ठिकाणांत शिखर पहिलं धरावं.

विजेबद्दल सावध राहायलाच हवं. कळसूबाईच्या वाटेवर लोखंडी शिड्या आणि साखळ्या आहेत. वीज काही अंतरावर पडली तरी प्रवाह लोखंडातून आणि ओल्या कातळातून पसरतो. वीज चमकल्यापासून आवाज येईपर्यंतचे सेकंद मोजून त्यांना तीनने भागलं की किलोमीटर मिळतात. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर धार सोडून खाली सरकायचं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास वर जायचं नाही. माथ्यावरचं छोटं देऊळ किंवा कातळातल्या कपारीचं तोंड पावसापासून वाचवतं, विजेपासून नाही.

आणि थंडी. मे महिन्यात थंडी बाधेल हे कुणाला पटत नाही. भिजलेल्या शर्टात पेलाभर, म्हणजे पाव लिटर पाणी धरा. ते वाळायला सुमारे ६०० किलोज्यूल उष्णता लागते. ती सगळी साठ किलोच्या माणसाच्या अंगातूनच गेली, तर शरीर जवळजवळ तीन अंशांनी उतरेल. प्रत्यक्षात बरीच उष्णता हवेतून येते आणि चालतं शरीर नवी तयार करतं, म्हणून एवढं होत नाही. पण दमलेला, उपाशी माणूस गारांच्या पावसानंतर वाऱ्यात बसून राहिला तर ही भरपाई कमी पडू लागते. शरीर ३७ वरून ३५ अंशांखाली गेलं की बोलणं अडखळतं, निर्णय चुकतात. पिशवीत एक कोरडा सदरा असला की यातलं बरंचसं टळतं.

मे अखेर म्हणजे कोरडा काळ, हेही आता गृहीत धरता येत नाही. २०२५ साली मोसमी पाऊस मुंबईत २६ मे रोजीच पोहोचला. त्याची नेहमीची तारीख ११ जून.

म्हणून गाडी रात्री न काढता आदल्या दिवशी सकाळीच काढावी, मुक्काम बारीत करावा. पहाटे चारला डोक्याला बॅटरी लावून निघालं की चालत्या माणसाला सातच्या सुमारास माथा मिळतो. तेव्हा उतार तापलेले नसतात, हवा स्थिर असते. दहा-साडेदहापर्यंत गावात परतून जेवायला बसता येतं. विजेची सूचना देणारं ‘दामिनी’ अ‍ॅप मात्र पायथ्यालाच चालू करून घ्यावं, वर रेंजचा भरवसा नसतो.